विकत आणलेली पिल्ले का मरतात?

पिल्लांचा खोका घरी आणल्याला चार दिवस होत नाहीत तोच सकाळी दोन-तीन पिल्ले आडवी दिसतात आणि घरातला कोणीतरी औषधाच्या दुकानाकडे धावतो. दुकानदार एक पुडी देतो, ती पाण्यात कालवली जाते, पुढच्या दोन दिवसांत आणखी पाच-सहा जातात आणि मग 'हॅचरीचा मालच खराब होता' किंवा 'आपल्याला कोंबड्या लाभत नाहीत' असे म्हणून विषय संपतो. नागपूर जिल्ह्यात परसात कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक घरांना हा क्रम ओळखीचा आहे. पहिल्या आठवड्यातली बहुतेक मरतूक औषधाने थांबणारी नसते, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. तिचे कारण एक तर पिल्लू आपल्या हाती येण्याआधीच घडून गेलेले असते, नाही तर ते उबेत, पाण्यात आणि गादीत असते. पुडीने यातले काहीच बदलत नाही.

म्हणून आजारी पिल्लाबद्दल पहिला प्रश्न 'काय देऊ?' हा नसावा. 'हे कितव्या दिवशी आजारी पडले?' हा असावा. पिल्लांच्या रोगांना वयाचा पक्का हिशेब असतो. तिसऱ्या दिवशी मेलेले पिल्लू आणि तिसऱ्या आठवड्यात मेलेले पिल्लू सहसा एकाच रोगाने मेलेले नसते.

अंडे उबवायला २१ दिवस लागतात. बाहेर येण्याच्या सुमारास पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि या शिदोरीवर ते दोन ते तीन दिवस निभावते. पिल्लांचा सगळा व्यापार या शिदोरीवर चालतो. शंभर पिल्लांचा, पंचवीस-पंचवीसच्या चार कप्प्यांचा पुठ्ठ्याचा खोका रात्रीच्या गाडीने शेकडो किलोमीटर जाऊ शकतो तो त्यामुळेच. पण हॅचरीतून ठोक व्यापारी, त्याच्याकडून तालुक्याचा दुकानदार, तिथून आठवडी बाजारातली टोपली असा प्रवास झाला, की पिल्लू आपल्या हातात येते तेव्हा शिदोरी संपलेली असते आणि पाण्याचा थेंब पोटात गेलेला नसतो. अशा पिल्लाचे पाय बघावेत. कातडी सुकलेली, शिरा वर आलेल्या, रंग काळपट. चांगल्या पिल्लाचे पाय तुकतुकीत असतात, डोळे उघडे आणि चमकदार असतात, बेंबी बंद आणि कोरडी असते. पाठीवर उलटे ठेवले तर ते लगेच उठून उभे राहते. ही पारख करायला अर्धे मिनिट पुरते. विकत घेणाऱ्याने तेवढा वेळ मागून घ्यावा.

बेंबीबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण पहिल्या पाच-सात दिवसांतल्या मृत्यूंचा मोठा वाटा तिथून येतो. बलक आत ओढला गेल्यावर बेंबी मिटायला हवी. उबवणी यंत्रात दमटपणा जास्त झाला, अंडी मळकी होती किंवा ट्रे नीट धुतलेले नव्हते, तर ती अर्धवट उघडी राहते आणि ई. कोलायसारखे जंतू आत शिरतात. असे पिल्लू पोट फुगवून, पंख पाडून, दिव्याखाली डोळे मिटून पेंगत राहते. मेल्यावर जनावरांचे डॉक्टर त्याचे पोट उघडतात तेव्हा निदान डोळ्यांना दिसते आणि नाकालाही कळते. निरोगी पिल्लाचा बलक पाच-सहा दिवसांत आक्रसून वाटाण्याएवढा होतो. इथे मात्र तो सबंध पिशवीभर शिल्लक असतो, पिवळ्याऐवजी हिरवट किंवा तपकिरी, पातळ आणि कुजक्या वासाचा. एवढे झाल्यावर प्रतिजैविक तिथवर नीट पोहोचतही नाही. अशा पिल्लावर खरा इलाज नाही. उरलेल्यांना ऊब, स्वच्छ पाणी आणि कोरडी गादी देणे, आणि त्या हॅचरीचे नाव लक्षात ठेवणे, एवढेच हातात उरते.

आता उबेकडे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५ अंश. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला सुमारे ३५ अंशांची ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करायची असते. पहिल्या काही दिवसांत पिल्लाला स्वतःचे तापमान सांभाळता येत नाही. म्हणजे आपल्याकडे डिसेंबरात ते गारठून मरते आणि मे महिन्यात होरपळून. पुण्या-कोल्हापुराकडे छापलेली माहितीपत्रके वाचून मे महिन्याच्या दुपारी नागपुरात दिवे लावून ठेवणारेही मी पाहिले आहेत.

थंडीतली सर्वांत मोठी फसगत सध्या एलईडी दिव्याने होते. पूर्वी शंभर वॅटचा पिवळा बल्ब टांगला की पन्नासेक पिल्लांचे भागे, कारण तो बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त देई. आता बाजारात तो शोधावा लागतो आणि त्याच्या जागी लोक एलईडी लावतात. उजेड लख्ख पडतो, ऊब मात्र मिळत नाही. पिल्लाला एक ते दोन वॅट हा हिशेब साध्या, तापणाऱ्या बल्बचा आहे. एलईडीला तो लागू पडत नाही. त्यात रात्री लाईन गेली की सगळी पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि सकाळी तळाची गुदमरलेली सापडतात. यासाठी पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करावे. कोपराच नसला की ढीग होत नाही. लाईनचा भरवसा नसेल तिथे मडक्यात निखारे ठेवून त्यावर झाकण घालण्याची जुनी रीत आजही कामाला येते. मात्र खोली बंद करू नये. कोळशाचा वायू पिल्लांबरोबर माणसालाही घेरतो.

थर्मामीटर असला तर उत्तम, पण पिल्ले स्वतःच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर गारठली आहेत. कड्याला चिकटून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर तापली आहेत. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर कुठून तरी वारा लागतो आहे. सगळीकडे पसरून कोणी खाते, कोणी झोपते असे असेल तर काही करू नये. आणखी एक खूण जुन्याजाणत्यांकडून मिळते. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावायचे. ते गार लागले तर पिल्लू आतूनही गार आहे, आणि अशा पिल्लाला खाद्य दिले तरी ते पचत नाही.

उन्हाळ्यात हिशेब उलटा. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते. ते पिल्ले पीत नाहीत, आणि पाणी पोटात गेले नाही की मूत्रपिंडे थकतात. मेलेल्या पिल्लाच्या काळजावर आणि यकृतावर मग चुन्यासारखा पांढरा थर बसलेला दिसतो. मातीच्या भांड्यातले थंड पाणी दिवसातून चार-पाच वेळा बदलणे हा या दिवसांतला सर्वांत स्वस्त उपचार. कूलरचा झोत मात्र थेट पिल्लांवर सोडू नये. खोलीची हवा थंड व्हावी, पिल्लू ओले आणि गारठलेले होऊ नये.

गारठा, तहान, प्रवासाचा ताण यांतून दुसरा एक त्रास उभा राहतो, त्याला घराघरांत 'मागे चिकटणे' म्हणतात. विष्ठा गुदाभोवतीच्या पिसांना चिकटून वाळते, दार बंद होते आणि पिल्लू दोन दिवसांत जाते. हे मात्र घरी बरे करता येते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्या जागी धरून ठेवायचा, खपली मऊ झाली की अलगद पुसायची, कोरडे करायचे, बोटावर खोबरेल तेल घेऊन हलकेच लावायचे आणि पिल्लू लगेच उबेत ठेवायचे. वाळलेली खपली ओढायची नाही, कातडी फाटते. बेंबी त्या जागेच्या थोडी पोटाकडे असते. तिथे वाळलेला काळा ठिपका दिसला तर त्याला हात लावायचा नाही. खपली समजून बेंबी ओढल्याने आतडे बाहेर आलेली पिल्ले डॉक्टरांकडे येतात आणि ती वाचत नाहीत.

एकदोन पिल्लांना असे झाले तर काळजी नाही. पण दुसऱ्या आठवड्याकडे सरकताना अनेकांना पांढरी, खडूसारखी हगवण लागली आणि रोज मरतूक वाढत गेली तर प्रकरण वेगळे आहे. ही पुलोरम, म्हणजे पांढरी हगवण. तिचा साल्मोनेला जातीचा जंतू आजारी कोंबडीच्या अंड्यातूनच पिल्लात येतो. वाचलेली तलंग पुढे धडधाकट दिसते, पण तिच्या अंड्यांतून रोग पुढच्या पिढीत जातो. म्हणून याचा बंदोबस्त पिल्ले घेणाऱ्याच्या अंगणात होऊ शकत नाही. तो पैदाशीच्या कळपात रक्ततपासणी करूनच होतो. अमेरिकेने १९३५ मध्ये राष्ट्रीय कुक्कुट सुधारणा योजना सुरू केली ती मुख्यतः याच रोगासाठी, आणि पैदाशीचे पक्षी तपासून तपासून व्यापारी कळपांतून तो जवळजवळ हद्दपार केला. आपल्याकडे पिल्ले घेणारा लहान माणूस हा प्रश्न विचारतच नाही. उबवल्याची तारीख, मरेक रोगाची लस दिली की नाही आणि पैदाशीच्या कळपाची साल्मोनेला तपासणी झाली की नाही, या तीन ओळींची पावती प्रत्येक खोक्यासोबत सक्तीची व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

गादीचा विषय विदर्भात सोपा वाटतो, कारण भंडारा-गोंदियाकडून भाताचे तूस मुबलक येते. पण पावसाळ्यात भिजलेले, बुरशी धरलेले तूस स्वस्तात मिळते म्हणून घेतले तर पिल्ले चोच उघडून, मान ताणून, आवाज न करता श्वास घेऊ लागतात. बुरशीचे कण फुप्फुसात जातात आणि तिथे पिवळट-पांढऱ्या बारीक गाठी होतात. यावर परवडणारे औषध नाही. तूस उन्हात वाळवून मगच पसरावे. पहिले दोन-तीन दिवस वर कागद घालून त्यावर मक्याचा भरडा टाकतात, तेही ठीक. फक्त गुळगुळीत वर्तमानपत्र फार दिवस ठेवू नये. पाय घसरून ते दोन्ही बाजूंना फाकतात आणि पिल्लू कायमचे अधू होते.

पहिला आठवडा पार पडला की माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका तेव्हाच रक्ती हगवणीचा मार्ग तयार होत असतो. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी गादीतून पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून पुन्हा गादीत येतो. दमट, उबदार गादीत तो एक-दोन दिवसांत पुन्हा संसर्ग करायला सज्ज होतो. या फेऱ्याला वेळ लागतो म्हणून हा रोग सहसा पहिल्या दहा दिवसांत दिसत नाही. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तो उफाळतो. पिल्ले पिसे फुलवून उभी राहतात, तुरा फिका पडतो, विष्ठेत ताजे रक्त दिसते. पाण्याच्या भांड्याभोवतीची हातभर ओली गादी हा या रोगाचा कारखाना. भांडे विटेवर उंच ठेवावे, ओले तूस रोज उचलून फेकावे आणि बाकीचे खालीवर करावे.

हा मात्र औषधाने बरा होणारा रोग आहे. म्हणूनच निदान लवकर झाले पाहिजे. अँप्रोलियम हे नेहमीचे औषध, पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत पाण्यातून द्यायचे. इथे एक चूक सर्रास होते. पिल्ले अशक्त झाली म्हणून लोक त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सही घालतात. अँप्रोलियम परजीवीला मारते ते ब १ जीवनसत्त्वाची जागा अडवून. वरून तेच जीवनसत्त्व भरपूर ओतले तर औषधाचा परिणाम उतरतो. आधी औषधाचा क्रम पुरा करावा, टॉनिक नंतर.

लसींचे वेळापत्रक बहुतेक ठिकाणी सारखेच आहे. मरेकची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत दिली जाते आणि नंतर देऊन उपयोग नसतो. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत, म्हणजे मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात राणीखेतची पुन्हा एक मात्रा, पुढे सहा-आठ आठवड्यांचे वय झाल्यावर राणीखेतचीच टोचायची लस आणि देवीची लस. यांतली मानमोडीची लस परसातल्या पाळणाऱ्यासाठी सर्वांत मोलाची. मान वाकडी होऊन, हिरवट पातळ हगवण लागून सबंध गल्लीच्या कोंबड्या एका आठवड्यात साफ होतात, तो बहुधा हाच रोग असतो आणि एकदा लागला की त्याला उपाय नाही.

मग लस का दिली जात नाही? वीस पिल्ले पाळणाऱ्याला लसीची कुपी निदान शंभर मात्रांची घ्यावी लागते, ती दोन ते आठ अंशांत थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. उन्हाळ्यात पिशवीत टाकून बसने आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. एकट्याने हे जमत नाही, पण गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकाच सकाळी पिल्ले एकत्र न आणता घरोघरी जाऊन थेंब घातले तर एक कुपी सगळ्यांना पुरते. पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी. महाराष्ट्रातल्या सरकारी लसी पुण्याच्या औंधमधल्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात, आणि गावाच्या दवाखान्याकडे आगाऊ मागणी नोंदवण्यात लाजण्यासारखे काही नाही.

खाद्याबद्दल थोडक्यात. तांदळाच्या कण्यांवर पिल्लू दोन दिवस जगते, महिनाभर नाही. ब २ जीवनसत्त्व कमी पडले की पायाची बोटे आत वळतात आणि पिल्लू घोट्यावर बसून सरकते. ब १ कमी पडले की मान मागे वळवून आकाशाकडे बघत राहते. घरचे लोक याला मानमोडी समजतात आणि बरे होऊ शकणारे पिल्लू सोडून देतात. पहिले सहा आठवडे पिल्लांचे तयार खाद्य द्यावे, कण्या पुढे आहेतच.

हळद, लसूण, गुळाचे पाणी यांबद्दल नेहमी विचारले जाते. प्रवासातून आलेल्या पिल्लाला पहिल्या काही तासांत थोडे गुळाचे पाणी दिल्याने तरतरी येते, यात शंका नाही. दिवसभर तेच ठेवले तर हगवण लागते. हळद-लसणाने नुकसान नाही, पण त्यांच्या भरवशावर लस चुकवली तर कळप जातो. जास्त चिंता प्रतिजैविकांची आहे. पहिल्या दिवसापासून पाच दिवस 'सुरक्षेसाठी' प्रतिजैविक देण्याची पद्धत इतकी रुळली आहे, की न देणाराच निष्काळजी ठरतो. माणसांच्या गंभीर आजारांत शेवटचा आधार असलेले कोलिस्टिन याच सवयीने कोंबड्यांना चारले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांत त्याचा वापर बंद केला. गारठलेल्या पिल्लाला प्रतिजैविक देऊन ते गरम होत नाही, त्याच्या पोटातले जंतू मात्र औषधाला सरावतात आणि ते जंतू आपल्या घरातच राहतात. पिल्लांना हाताळल्यावर, विशेषतः लहान मुलांनी, साबणाने हात धुवावेत ते याच कारणासाठी.

बर्ड फ्लूचे नाव नागपुरात आता सगळ्यांच्या तोंडी आहे. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. मार्च २०२४ मध्ये नागपुरातल्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातच तो निघाला आणि साडेआठ हजारांच्या आसपास पक्षी नष्ट करावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने दगावले. तरीही घरातली चार पिल्ले मेली म्हणजे बर्ड फ्लू, असे समजू नये. मोठ्या कोंबड्या, बदके, कावळे एकाच वेळी भराभर मरू लागले, तर मात्र हात न लावता लगेच कळवावे. तसे कळवणे २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याने बंधनकारक आहे.

रंगवलेल्या पिल्लांविषयी माझे मत कडक आहे. गुलाबी, हिरवी, निळी करून शाळेच्या आसपास विकली जाणारी पिल्ले बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात, ज्यांचा हॅचरीला उपयोग नसतो. ओल्या रंगाने भिजलेले, उबेविना दिवसभर टोपलीत फिरलेले पिल्लू मुलाच्या हातात दोन दिवस राहते आणि मरते. मुलाला त्यातून प्राणिप्रेम शिकायला मिळत नाही. हा व्यापार थांबवायला हवा, आणि तोवर आईबापांनी ती विकत घेऊ नयेत.

राहिला धोरणाचा भाग. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत लाभार्थ्याला दोन प्रकारे पक्षी मिळतात: आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा पंचवीस माद्या आणि तीन नरांचा गट, किंवा एक दिवसाची शंभर पिल्ले. दुसरा प्रकार कागदावर आकर्षक दिसतो. पण ज्या घरात रात्रभर ऊब ठेवण्याची सोय नाही, तिथे शंभर पिल्लांचा खोका देणे म्हणजे कुटुंबाच्या माथी पहिल्या तीन आठवड्यांची सगळी जोखीम मारणे. केंद्राच्या परसातील कुक्कुटपालन कार्यक्रमात 'मदर युनिट'ची कल्पना आहे. एका ठिकाणी तयारीची माणसे पिल्लांना चार आठवडे ऊब आणि लसी देऊन वाढवतात आणि मग ती घरोघरी दिली जातात. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया, कडकनाथ, जात कोणतीही असो, पाच-पंचवीस कोंबड्या हौसेने किंवा घरच्या अंड्यांसाठी पाळणाऱ्याने एक दिवसाचे पिल्लू घेऊच नये. चार आठवड्यांचे, लस दिलेले पिल्लू घ्यावे. ते महाग वाटते, पण मेलेल्यांचा हिशेब धरला तर स्वस्तच पडते.

आणि नवे पिल्लू आणले की जुन्या कोंबड्यांपासून महिनाभर वेगळे ठेवावे. सकाळी आधी पिल्लांना दाणापाणी, नंतर मोठ्यांना, हा क्रम मोडू नये. मोठी कोंबडी धडधाकट राहूनही रोग बाळगू शकते.

नागपूरकरांना एक सोय हाताशी आहे, जी पुष्कळ जिल्ह्यांना नाही. १९५८ पासून सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. पिल्ले मरू लागली तर नुकतेच मेलेले एक-दोन पिल्लू आणि एखादे जिवंत आजारी पिल्लू डॉक्टरांकडे घेऊन जावे. मेलेले पिल्लू दोन पिशव्यांत बांधून बर्फात ठेवावे, फ्रीजरमध्ये गोठवू नये, कारण गोठल्यावर आतले अवयव तपासण्याजोगे राहत नाहीत. सोबत कागदावर लिहावे: कितव्या दिवशी आणली, कुठून आणली, किती मेली, काय खाऊ घातले, कोणती लस दिली. खेड्यात असाल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरते पशुवैद्यकीय पथक बोलवा. मेलेले पिल्लू उकिरड्यावर फेकू नका, आणि ते उघडून पाहिले जाईपर्यंत उरलेल्यांना कोणतीही पुडी देऊ नका.